"तसलं" म्हणजे नेमकं काय

आमच्या घरी एक शब्द होता, तसलं. तसलं बोलू नये, तसलं वाचू नये, पेपरात तसली बातमी आली की आई पान उलटून घडी घालायची. माझी आई हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवायची, ऱ्हस्वदीर्घ चुकलं की लाल पेनानं गोल करायची, प्रत्येक गोष्टीला नेमका शब्द असतो तो शोधायचा असं वर्गातल्या मुलांना सांगायची, पण या एका बाबतीत मात्र आमच्या घरात नेमका शब्द कधी आलाच नाही. बसमध्ये कोणी अंगाला लागलं तर "तसला माणूस होता", शेजारच्या मुलीचं शिक्षण अचानक बंद झालं तर "तसलं काहीतरी झालं". मी चाळीशीला आले तरी मला तो शब्द पुरत होता. मग एक तक्रार अर्ज लिहायची वेळ आली आणि पहिल्याच ओळीला कळलं की अर्जात तसलं चालत नाही.

आधी एक सांगते. मी तक्रार केली ती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली, आणि त्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारीतला मजकूर, तक्रार करणारीचं नाव, ज्याच्यावर केली त्याचं, साक्षीदारांचं, चौकशीत काय झालं, काहीही छापायचं नाही. न्याय मिळाला असेल तर तेवढं सांगता येतं, तेही ओळख पटणार नाही असं. त्यामुळे गाव, ऑफिस, माणूस, आणि नेमकं काय घडलं, हे या लेखात तुम्हाला मिळणार नाही. मला ते कलम पटतं. ते नसतं तर मी अर्ज केलाच नसता, आणि आमच्याइतक्या लहान गावात तर कोणीच केला नसता. मी सांगणार आहे ते अर्ज लिहिण्याबद्दल, तो कुठे नेला त्याबद्दल, आणि मध्ये मानवी हक्क आयोगाला पत्र का पाठवावं लागलं त्याबद्दल.

मी अकाउंट्स बघते. टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस, जिल्ह्याच्या गावी, बाजारपेठेतल्या जिन्यावरून वर, मालक धरून आठ जण. टॅली, जीएसटीची रिटर्न्स, टीडीएस, जुलैमध्ये इन्कम टॅक्स, मार्चमध्ये तर रात्रीचे दहा ठरलेले. पार्टीचे, म्हणजे ज्यांचे हिशोब आम्ही बघतो ते लोक बिलांच्या पिशव्या आणून टाकतात, त्यातून मळकी, तेल लागलेली बिलं सरळ करून एकेक एन्ट्री करायची. मला ते काम आवडायचं, अजूनही आवडतं. संध्याकाळी आकडा जुळला की जी शांतता येते ती मला दुसऱ्या कशात मिळत नाही. सहा वर्षं मी तिथे होते, आणि या सहा वर्षांत दोन मुली नोकरी सोडून गेल्या, दोघींनीही जाताना सांगितलं, "घरी प्रॉब्लेम आहे". दुसरी म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हटलं, हो का, काळजी घे गं. बास. तिनं टेबलाच्या खणातली टिकल्यांची पाकिटं, चार्जर, डबा पिशवीत भरला आणि ती जिना उतरून गेली. मला माहीत होतं. माहीत असून मी काळजी घे म्हटलं याचं मला आजही वाईट वाटतं आणि ते वाटायलाच पाहिजे.

माझ्या बाबतीत शेवटचा प्रकार जानेवारीत झाला. त्याच्या आधीचे किती ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. घरी नवऱ्याला सांगितलं, म्हणजे तसंच सांगितलं, "सर नीट वागत नाहीत". तो चांगला माणूस आहे, एमआयडीसीत शिफ्टला जातो, थकलेला असतो, तो लगेच म्हणाला, सोडून दे ना ती नोकरी, कशाला पाहिजे. बहीण म्हणाली सोड. मैत्रीण म्हणाली सोड, आणि जाताना कोणाला काही बोलू नकोस, परत कोणी कामाला ठेवणार नाही. सगळे माझ्या भल्याचं बोलत होते. पण मला कळेना की काम मी नीट केलं, वेळेवर गेले, सहा वर्षांत एकाही पार्टीला माझ्यामुळे लेट फी लागली नाही, मग सोडायचं मीच का? आणि मी गेल्यावर माझ्या खुर्चीवर जी येईल तिचं काय?

तरी मी मार्च एंड होईपर्यंत थांबले. लोक विचारतात का थांबलीस, चौकशीतही तो प्रश्न येतोच असं म्हणतात, तर त्याचं माझं उत्तर साधं आहे: चाळीसेक पार्ट्यांची कामं माझ्याकडे होती, त्यात किराणा दुकानदार होते, एक पिठाची गिरणीवाली बाई होती, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. ३१ मार्चला रात्री शेवटची एन्ट्री केली आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. मार्चचा पगार मिळाला नाही.

आता जायचं कुठे हा प्रश्न. माझ्या डोक्यात सगळ्यात आधी मानवी हक्क आयोग आला. का आला सांगते, कॉलेजात १० डिसेंबरला मानवी हक्क दिन असायचा, निबंध स्पर्धा असायची, त्यातला "प्रतिष्ठा" हा शब्द लक्षात राहिला होता. आणि मला जे गेलंय असं वाटत होतं ते नेमकं तेच होतं. पैसा नाही, नोकरीही नाही, प्रतिष्ठा. नंतर कायदा वाचला तेव्हा बघितलं, १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात मानवी हक्कांची व्याख्याच अशी आहे की जीवित, स्वातंत्र्य, समता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांच्याशी संबंधित हक्क. म्हणजे माझं वाटणं चूक नव्हतं. पण आयोग मुख्यतः बघतो ते सरकारी नोकरानं केलेलं हक्कांचं उल्लंघन, किंवा सरकारी नोकरानं ते होऊ नये म्हणून करायची ती काळजी न घेणं. माझा मालक सरकारी नोकर नाही. मग?

हे मला सांगितलं एका बाईंनी, त्यांना मी इथे काकूच म्हणते, बँकेतून रिटायर झाल्यात आणि गावातल्या एका महिला संघटनेचं काम बघतात. माझ्या मावससासूबाईंच्या भजनी मंडळात येणाऱ्या कोणाच्या तरी ओळखीतून त्यांचा नंबर मिळाला. त्यांच्या ओट्यावर बसून मी अर्धा तास बोलले आणि त्या ऐकत राहिल्या, शेंगा सोलत होत्या, हात थांबला नाही. मग म्हणाल्या, अंतर्गत समिती होती का तुमच्याकडे? मी म्हटलं आठ जणांत कसली समिती. म्हणाल्या बरोबर, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे मालकानं अशा तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती करायची, दहाच्या आत असतील किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिकडे जायचं. शेवटचा प्रकार कधीचा? मी म्हटलं जानेवारी. जानेवारी कधी? मी म्हटलं... साधारण दहा-बारा तारीख. त्यांनी तेव्हा पहिल्यांदा हात थांबवला. म्हणाल्या, साधारण नको, तीन महिन्यांची मुदत आहे, शेवटच्या घटनेपासून. कारण योग्य असेल तर समिती अजून तीन महिने वाढवू शकते पण त्यावर विसंबून राहायचं नाही. आज काय तारीख आहे? १ एप्रिल.

मग त्यांनी आतून फुलस्केप कागद आणून दिला. लिही म्हणाल्या. आणि मी लिहिलं: "सदर व्यक्ती माझ्याशी वारंवार गैरवर्तन करीत असत." वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, गैरवर्तन म्हणजे काय? ओरडायचे? पगार कापायचे? मी म्हटलं, नाही, तसलं. त्या म्हणाल्या, तसलं म्हणजे?

मी ते वाक्य खोडलं. त्याच्या खाली लिहिलं, "लगट करीत". तेही खोडलं. "सलगी दाखवीत", खोडलं, सलगी तर मैत्रिणीही दाखवतात. "छेड काढली", छेड शाळेतल्या मुलींची काढतात, ऐकूनच हसण्यावारी नेल्यासारखं वाटतं. "चावटपणा", नाही, चावट तर आपण लाडानंही म्हणतो. "अंगचटीला येत", हा त्यातल्या त्यात बरा, पण वाचणाऱ्याला काय कळणार, हात कुठे, किती वेळ, मी काय म्हटलं, दार उघडं होतं का बंद. तो कागद माझ्याकडे अजून आहे. आठ वेळा खोडलेलं आहे. प्रत्येक शब्द असा की तो करणाऱ्याला जरा झाकून घेतो, आणि ज्यात झाकायची सोय नाही असे शब्द मला शिव्यांमध्येच ऐकून माहीत होते. आपल्या भाषेत शब्द नाहीत असं मी म्हणणार नाही, आपल्या भाषेत शेतातल्या बांधापासून पोळीच्या पदरापर्यंत प्रत्येकाला नाव आहे. शब्द आहेत, ते आम्हाला तोंडात घेऊ दिलेले नाहीत. हात, पाठ, दंड, खांदा, दार, कडी, बोट, हे सगळे रोजचे शब्द आहेत. शेवटी मी तेच वापरले. काकू म्हणाल्या विशेषण नको लावूस, फक्त कोण, कुठे, कधी, काय केलं, तू काय म्हणालीस. ते वाक्य तयार झालं ते अकरा शब्दांचं होतं. ते मी लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला, वाचून नाही दाखवला. त्यांनीही वाच म्हटलं नाही.

आणि कायद्यातही सगळं वजन एकाच शब्दावर आहे हे मला नंतर कळलं. स्पर्श, मागणी, शेरे, चित्रं दाखवणं, बोलून किंवा न बोलता केलेलं काहीही, त्या सगळ्याला अट एकच, ते नकोसं असलं पाहिजे. नकोसं! त्याचा हेतू काय होता, तो गमतीनं म्हणाला का, त्याची तशी सवयच आहे का, हे नंतर. आधी, तिला नको होतं का? हा शब्द तर मला लहानपणापासून येत होता.

तारखांचं काम मात्र माझ्या धंद्यानं सोपं केलं. मला महिने आठवत नव्हते, पण कामं आठवत होती. काकूंच्या ओट्यावरून घरी येऊन मी कालनिर्णय भिंतीवरून काढलं, गेल्या वर्षीचं माळ्यावरून काढलं, आणि आठवायला लागले. तो प्रकार झाला तेव्हा जीएसटीआर वनची, म्हणजे जीएसटीतल्या विक्रीच्या रिटर्नची घाई होती, ते ११ तारखेला भरायचं असतं, मी म्हणत होते सर उद्या शेवटचा दिवस आहे, म्हणजे तारीख १०. त्याच्या आधीचा, तेव्हा थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं दुसरं रिटर्न अडकलं होतं, पोर्टल चालत नव्हतं, म्हणजे २० च्या आसपास, आणि त्या दिवशी मुलाचा सहावीचा पेपर होता, शाळेचं वेळापत्रक बघितलं, १९. टीडीएस ७ ला. आणि एक प्रकार जुलैतला, ३१ तारखेच्या आदल्या शनिवारी, कारण त्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी मिळून वडापाव मागवले होते आणि पैसे मी जीपेनं दिले होते, ती एन्ट्री फोनमध्ये सापडली, वेळेसकट. असं करत करत नऊ तारखा झाल्या. वहीत एका खाली एक लिहिल्यावर मी त्या बघत बसले. इतके दिवस मला वाटत होतं की एक-दोनदा झालं असेल, आपणच मनाला लावून घेतोय. नऊ. दोन वर्षांत नऊ. आकडा समोर आल्यावर मला पहिल्यांदा रडू आलं, त्याच्या आधी नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करायचं असं मी काकूंना विचारलं होतं. कायद्यात आहे, लेखी देता येत नसेल तर समितीनं लिहून घ्यायला मदत करायची. घरकाम करणाऱ्या बायकाही या कायद्यात येतात, त्यांचीही तक्रार स्थानिक समितीकडेच. तालुक्याला एक नोडल अधिकारी असला पाहिजे जो तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवेल. हे सगळं कागदावर आहे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी विचारलं, तुम्हाला माहिती होतं का हो? त्यांनी मान हलवली, नाही, आणि घासत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, कुठे असतं ते ऑफिस?

हा कायदा आला कुठून तेही मी त्या चार दिवसांत वाचून काढलं, रात्री झोप येत नव्हती. राजस्थानातलं भटेरी गाव. भंवरी देवी, राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती म्हणून काम करणारी. गावातल्या एका तान्ह्या मुलीचं लग्न होत होतं, तिनं ते थांबवायचा प्रयत्न केला, कारण ते तिचं काम होतं, तिला त्यासाठीच नेमलं होतं. आणि २२ सप्टेंबर १९९२ ला नवऱ्यासमोर तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. त्याच्या आधीच, १९९२ मध्ये, या घटनेच्या पार्श्वभूमीवर विशाखा आणि इतर संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, की बाई कामावर असताना तिच्या बाबतीत हे होतं तर तिला तिथे सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कोणाची? १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल आला. न्यायमूर्ती वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर, न्यायमूर्ती किरपाल. सुजाता मनोहर आपल्या मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. त्या निकालात म्हटलंय की कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ म्हणजे समानतेचा, व्यवसाय करण्याचा आणि जगण्याचा मूलभूत हक्क मोडणं. नंतर हेच वर्मा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष झाले आणि मनोहर त्याच आयोगाच्या सदस्य होत्या. म्हणजे १० डिसेंबरचा निबंध लिहिताना जो शब्द माझ्या डोक्यात बसला होता तो भटकून बसलेला नव्हता.

पण निकाल लागला म्हणून समित्या झाल्या असं नाही. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, की विशाखा निकालाप्रमाणे कोणी काही करत नाहीये, कोर्टानं त्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि त्यावर १९ ऑक्टोबर २०१२ ला निकाल दिला. एक पत्र! मी हे वाचून नवऱ्याला उठवलं होतं, रात्री एक वाजता, अरे एका पत्राची याचिका झाली. तो झोपेत हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मात्र तोच माझ्याबरोबर आला, सुट्टी टाकून.

अर्जाच्या सहा प्रती द्यायच्या, नियमात आहे. प्रत्येकीला मेसेजचे प्रिंटआउट, साक्षीदारांची नावं-पत्ते. झेरॉक्सच्या दुकानात मी उभी आणि तो पोरगा मशिनचं झाकण उघडून एकेक पान ठेवतोय, आणि प्रत्येक वेळी ते पान वर येतं, अकरा शब्दांचं वाक्य असलेलं, पान तीन. तो वाचत नव्हता, त्याला काय पडलंय, तो फोनवर कोणाशी तरी बोलत होता. पण मी दर वेळी पान तीन आलं की हात पुढे करत होते. सहा प्रती आणि एक माझी, सात वेळा.

४ एप्रिलला सरकारी ऑफिसात गेलो. आवक खिडकीवरच्या बाई अर्ज चाळून म्हणाल्या, मॅडम, समितीची मुदत संपलीय, नवीन समिती व्हायचीय, झाली की या. समितीची मुदत तीन वर्षं असते, ती संपली होती, आणि नवीन कधी होणार ते कोणाला माहीत नव्हतं. त्या बाई उद्धट नव्हत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. पण मला हिशोब कळत होता, माझे सहा दिवस उरले होते. मी म्हटलं, ताई समिती होईल तेव्हा होईल, तुम्ही माझा अर्ज आवक करा आणि मला पोच द्या. त्या आत विचारायला गेल्या. पाऊण तास. परत आल्या, रजिस्टर उघडलं, नंबर टाकला, माझ्या प्रतीवर गोल शिक्का मारला, निळ्या शाईचा, जरा तिरका, आणि त्यात तारीख लिहिली. मी आयुष्यात शेकडो चलनांवर शिक्के बघितलेत, चलन मिळालं की नीट लावून ठेवायचं एवढंच. या शिक्क्याकडे मी बघत राहिले. आता काही झालं तरी, मी मुदतीत आले होते हे कोणी नाकारू शकणार नव्हतं. जिला कोणाला असं सांगितलं जाईल की नंतर या, तिला माझं एकच सांगणं आहे बाई, पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

एप्रिल गेला, मे गेला. मी दोनदा जाऊन आले, एकदा फोन केला. जूनमध्ये काकू म्हणाल्या, आता तुझं ते मानवी हक्कांचं डोक्यातलं काढ बाहेर. मला कळेना. त्या म्हणाल्या, तुझा मालक सरकारी नोकर नाही, पण समिती न करणारा कोण आहे? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कायद्यानं जिल्हा अधिकारी नेमायचा, कलेक्टर किंवा डेप्युटी कलेक्टर दर्जाचा, आणि स्थानिक समिती करणं त्याचं कर्तव्य. ते झालं नाही म्हणजे हक्काचं उल्लंघन थांबवण्यात सरकारी नोकराकडून हयगय झाली, आणि ते आयोगाचंच काम आहे.

म्हणून मी दुसरा अर्ज लिहिला, महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग, मुंबई. ते ऑफिस सीएसएमटी समोरच आहे पण मी गेले नाही, स्पीड पोस्टानं पाठवला. फी काही नाही, वकील लागत नाही, घटनेपासून एका वर्षाच्या आत पाहिजे, निनावी चालत नाही. आणि हा अर्ज लिहायला मला एक संध्याकाळ पुरली. दीड पान. अमुक तारखेला अर्ज दिला, ही पोच, आज इतके दिवस झाले, समिती नाही, त्यामुळे मला दाद मागता येत नाही, ती मिळावी. एकही खाडाखोड नाही. लिहिताना लक्षात आलं की मला आता लिहिता येतंय. एप्रिलमध्ये त्या फुलस्केपवर जे काही झालं होतं ते झालं नसतं तर याही अर्जात मी "योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती" एवढंच लिहून सही केली असती.

आयोगाकडून केस नंबर आला, मग कळलं की जिल्ह्याकडून अहवाल मागवलाय. त्यानंतर काही आठवड्यांत समिती झाली. आयोगाच्या पत्रामुळेच झाली की होणारच होती, हे मी ठामपणे सांगणार नाही, फाइलच्या आत काय चाललं ते मला दिसलेलं नाही. पण हे एकट्या आमच्या जिल्ह्याचं दुखणं नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणावरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला खटला आहे, त्यात १२ मे २०२३ ला कोर्टानं म्हटलं की या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत, आणि त्याच खटल्यात ३ डिसेंबर २०२४ ला राज्यांना सांगावं लागलं की ३१ डिसेंबरपर्यंत जिल्हा अधिकारी नेमा आणि ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या करा. कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. अकरा वर्षं झाल्यावर सुप्रीम कोर्टाला हे सांगावं लागतं! माझ्यासारख्या किती जणी खिडकीवरून परत गेल्या असतील, कोणाकडे पोचही नसेल, आणि ज्या गेल्या त्यांची मुदत संपली असेल. मला याचा राग येतो. मालकाचा येतो त्याहून जास्त येतो कधीकधी.

त्याच गोव्याच्या खटल्यातली अजून एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण ती आपल्या बाजूचे लोक सांगत नाहीत. तिथे चौकशी घाईघाईनं उरकली, ज्याच्यावर आरोप आहेत त्याला नीट बाजू मांडू दिली नाही म्हणून कोर्टानं ती पुन्हा करायला सांगितली. वाचताना पहिल्यांदा मला चीड आली. मग वाटलं, नाही, बरोबर आहे. त्याला माझ्या अर्जाची प्रत कामकाजाच्या सात दिवसांत पाठवली पाहिजे, कामकाजाच्या दहा दिवसांत त्यानं उत्तर दिलं पाहिजे, त्याला साक्षीदार आणता आले पाहिजेत, नव्वद दिवसांत सगळं पूर्ण झालं पाहिजे. हिशोब दोन्ही बाजूंनी जुळला तरच तो हिशोब. समितीसमोर वकील कोणालाच आणता येत नाही, त्यालाही नाही मलाही नाही, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासमोर बसताना हा नियम मला फार मोठा आधार वाटला. पैसे घेऊन मिटवा असंही त्यात चालत नाही, समेट करायचा तर तक्रार करणारीनं स्वतःहून मागायचा, आणि पैसा हा समेटाचा पाया असता कामा नये. आणि ज्या वाक्यासाठी बायका घाबरतात, की सिद्ध झालं नाही तर उलट माझ्यावरच कारवाई होईल, तर तसं नाहीये, केवळ सिद्ध करता आलं नाही म्हणून कारवाई होत नाही, मुद्दाम खोटी तक्रार केली हे वेगळं चौकशी करून ठरवावं लागतं.

चौकशीबद्दल मी काही लिहिणार नाही. खोलीबद्दल लिहिते. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, काच नव्हती. कोपऱ्यात बांधलेल्या फायलींचे गठ्ठे, खिडकीतून पार्किंग दिसायचं. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बाईंनी मला विचारलं, पाणी हवंय का, आणि मग विचारलं, पान तीनवरचं तुम्ही तुमच्या शब्दात सांगाल का. मी सांगितलं. तेच अकरा शब्द, तोंडानं, पहिल्यांदा. आवाज कापत होता पण शब्द तेच होते, इकडचा तिकडे झाला नाही. आणि साक्षीला एक जण आलं. कोण ते सांगता येत नाही. लांबून एसटीनं आलं, आणि जाताना मी काळजी घे म्हणू शकले नाही, माझ्याकडून तो शब्दच फुटेना, मी नुसता हात धरून ठेवला स्टँडपर्यंत.

समितीनं माझं म्हणणं मान्य केलं. शिफारशी झाल्या, त्या पाळल्या गेल्या, मार्चचा पगार मिळाला. एवढं मला सांगता येतं.

नोकरी लगेच नाही मिळाली. दोन ठिकाणी मुलाखत छान झाली आणि मग फोन आलाच नाही, बाजारपेठ लहान आहे, कायदा नावं छापू देत नाही पण चहाच्या टपरीला कायदा लागू नाही. आता मी घरूनच सात-आठ पार्ट्यांची कामं करते. गिरणीवाली बाई स्वतः शोधत आली, बिलांची पिशवी घेऊन, काही विचारलं नाही तिनं, म्हणाली तुमच्या हातचं रिटर्न बरं असतं.

दिवाळीला आई राहायला आली होती. तिला एवढंच माहीत होतं की नोकरी सुटली, काहीतरी कोर्टासारखं चाललं होतं. एका दुपारी मी बँकेत गेले आणि परत येऊन बघते तर ती पलंगावर बसलीये, कपाटातली फाइल मांडीवर, माझी पोच प्रत, निळा शिक्का असलेली. पान तीन उघडं. तिच्या हातात पेन्सिल होती. अकरा शब्दांच्या त्या वाक्यात मी एका शब्दाला ऱ्हस्व वेलांटी दिली होती, ती तिनं पेन्सिलीनं हलकी दीर्घ केली होती. मी दारात उभी राहिले. तिनं चष्मा नाकावर सरकवला, कागद उजेडाकडे धरला आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं, वर्गात धडा वाचायची तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा, स्वल्पविरामाला थांबून. बाहेर टीव्ही चालू होता. नवऱ्यानं उठून तो बंद केला. तिनं पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.